रोजची एक नोंद

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकासाठी चार शब्द लिहा, अशी मंडळाची आज्ञा झाली तेव्हा मनात एकच विषय घोळत होता. गुरुवारची आरती झाली, तीर्थप्रसाद घेतला, की आपण साठी-सत्तरीची मंडळी देवळाच्या ओट्यावर थोडा वेळ टेकतो. गुडघेदुखी, बी.पी., पेन्शन हे विषय संपले की कोणीतरी हलक्या आवाजात तो प्रश्न काढतोच. "मुलगा बंगलोरला, मुलगी कॅनडात. आमच्यामागे या देव्हाऱ्याचं काय हो?" मग कोणी म्हणतो, टाक देवळात देऊन टाकू. कोणी म्हणतो, विसर्जन करायचं झालं. त्यानंतर कोणीच बोलत नाही. चपला शोधून आपण आपापल्या घरी जातो.

हा प्रश्न तुमचा आहे तसा माझाही आहे. त्याचे उत्तर शोधायला मी कुठे गेलो नव्हतो. पण ते, निदान अर्धेमुर्धे, मला फार दूरच्या एका नदीत सापडले. तेच आज आपल्यासमोर मांडतो.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून मुलाने मला आणि सौ.ला इजिप्तच्या सहलीला पाठवले. पिरॅमिड पाहिले, संग्रहालये पाहिली. ते सगळे भव्य आहेच. पण मनात घर केले ते आस्वान गावातल्या अर्ध्या दिवसाने. कार्यक्रमपत्रिकेत एकच ओळ होती : प्राचीन अवशेषांचे दर्शन व नाईल नदीवर नौकाविहार. सकाळी आठला निघायचे, दुपारी दीडपर्यंत परत.

आस्वान हे इजिप्तच्या दक्षिण टोकाचे गाव. कैरोहून रेल्वेने रात्रभराचा प्रवास. तिथला गुलाबी ग्रॅनाइट दगड फार प्राचीन काळापासून प्रसिद्ध. सुरुवातीला आम्हाला त्या दगडाची खाणच दाखवली. खाणीत एक अर्धवट राहिलेला स्तंभ आडवा पडलेला आहे. लांबी सुमारे ४२ मीटर, वजन हजार टनांहून जास्त. एकाच अखंड दगडातून तो सोडवत होते, तोही लोखंडी छिन्नीशिवाय, कठीण दगडाचे गोळे आपटून आपटून. तीन बाजू मोकळ्या झाल्या आणि दगडाला तडा गेला. काम तिथेच थांबले. राणी हातशेपसूतच्या काळातले हे काम असावे असे मानतात. म्हणजे जवळजवळ साडेतीन हजार वर्षे तो स्तंभ खालच्या बाजूने डोंगराला चिकटून तसाच पडून आहे.

सौ. म्हणाली, "एवढा मोठा संकल्प कशाला करायचा? लहान केला असता तर उभा तरी राहिला असता." आमच्या ग्रुपमधले लोक हसले. मला मात्र ते वाक्य त्या दिवशी पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

पुढे बसने धक्क्यावर आलो आणि मोटारबोटीत बसलो. फिले नावाच्या बेटावरचे ईसिस देवीचे मंदिर पाहायचे होते. चहूकडे निळेशार पाणी, काळे गोलसर खडक, आणि एका वळणावर एकदम समोर मंदिराची कमान. आपल्यापैकी जे कुरवपूरला जाऊन आले आहेत त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. कृष्णेच्या पात्रातले ते बेट, नावेतून उतरणे, आणि श्रीपाद श्रीवल्लभांचे स्थान. देवाने बेट का निवडावे? मला वाटते, भक्ताला थोडे पाणी ओलांडायला लागावे, किनाऱ्यावरचे सगळे किनाऱ्यावर ठेवून यावे, म्हणून असेल. नावेत बसल्यावर आमच्या ग्रुपमधली मोबाइलवरची बोलणीही आपोआप थांबली होती.

या ईसिस देवीची कथा थोडक्यात सांगतो. तिचा पती ओसायरिस. त्याला त्याच्याच भावाने, सेटने, मारले आणि देहाचे तुकडे करून देशभर फेकले. ईसिस ते तुकडे शोधत फिरली, एकेक गोळा केला, आपल्या शक्तीने पतीला पुन्हा सजीव केले, आणि तिला होरस नावाचा पुत्र झाला. मंदिराच्या भिंतीवर तिचे एक शिल्प आहे. बाळ होरसाला ती स्तनपान देते आहे. सौ.ने पायातल्या चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाली, "ही तर अनसूयामाईच हो!" देव कोणताही असो, मांडीवर बाळ घेतलेल्या आईपुढे आपल्या बायकांचे हात आपोआप जुळतात. मीही जोडले.

मुख्य मंदिराचे काम इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सुरू झाले, तेही ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांनी केलेले. पुढे रोमन सम्राटांनी भर घातली. राजे परके, देवी तिथली. आपल्या नृसिंहवाडीची वास्तूही विजापूरच्या आदिलशहाने बांधून दिली आणि म्हणून तिला शिखर नाही, असे परंपरा सांगतेच ना? देवाच्या घराला वीट कोणी दिली याचा हिशेब देव ठेवत नाही.

आमचा गाइड तरुण होता, अभ्यासू होता. त्याने समोरचे एक दुसरे बेट दाखवले. त्याचे नाव बिगा. तिथे ओसायरिसचे समाधिस्थान मानत. दर दहा दिवसांनी पुजारी ईसिसची मूर्ती नावेत ठेवून त्या बेटावर नेत आणि तिथे दुधाचा अभिषेक होई. सौ. माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे पालखीच की!" खरेच, वाडीची पालखी डोळ्यांपुढे आली. फक्त खांदेकऱ्यांऐवजी नावाडी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आम्ही ज्या बेटावर उभे होतो ते मूळचे फिले बेट नव्हेच! १९०२ साली इंग्रजांनी आस्वानला पहिले धरण पूर्ण केले. पुढे दोनदा त्याची उंची वाढवली. वर्षातले बरेच महिने मंदिर पाण्यात जाऊ लागले. प्रवासी खांबांच्या माथ्यांमधून होड्या फिरवत. भिंतींवरचे दोन हजार वर्षांचे रंग धुऊन गेले. मग १९६० ते १९७० या काळात वरच्या अंगाला दुसरे, प्रचंड धरण झाले आणि दोन धरणांच्या मध्ये सापडलेले हे मंदिर कायमचेच पाण्यात राहणार असे दिसू लागले. तेव्हा युनेस्कोच्या पुढाकाराने जगभरातून मदत आली. बेटाभोवती पोलादी भिंत उभारून आतले पाणी उपसले. प्रत्येक दगडावर क्रमांक घातला. चाळीस हजारांच्या आसपास दगड सुटे केले आणि काहीशे मीटरवरच्या अगिल्किया नावाच्या उंच बेटावर जसेच्या तसे पुन्हा रचले. १९७२ ते १९८० अशी आठ वर्षे ते काम चालले. नव्या बेटाला जुन्या बेटाचा आकारसुद्धा दिला. आज खांबांवर पाण्याची काळपट रेघ दिसते, एवढीच काय ती खूण.

मी हिशेबात आयुष्य घालवलेला माणूस. चाळीस हजार दगड, आणि एकही इकडचा तिकडे नाही. आमच्या शाखेत दिवसअखेर दहा रुपये जुळले नाहीत तर रात्री नऊपर्यंत लेजर चाळायला लागत असे. त्या कामगारांना मनोमन नमस्कार केला.

मग गाइडने आम्हाला एका कमानीपाशी नेले. रोमन सम्राट हेड्रियनच्या नावाची ती कमान. तिच्या आत भिंतीवर एका देवाचे चित्र आणि शेजारी थोडी चित्राक्षरे कोरलेली आहेत. तो म्हणाला, "ही तारीख आहे २४ ऑगस्ट ३९४. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतला हा जगातला शेवटचा ज्ञात लेख." तो कोरणारा ईसिसचा पुजारी होता. त्याने आपले नाव लिहिले, बापाचे नाव लिहिले, आपले पद लिहिले, आणि हे अनंत काळासाठी आहे अशा अर्थाचे शब्द लिहिले.

तीन हजारांहून अधिक वर्षे चालत आलेली लिपी, तिचा तो शेवटचा लेख. आपण शेवटचे आहोत हे त्या पुजाऱ्याला ठाऊक होते का? मला वाटते, नसावे. शेवटच्या माणसाला आपण शेवटचे आहोत हे कळत नसते. तो बिचारा "अनंत काळ" लिहून घरी गेला.

पूजा त्यानंतरही काही काळ चालली. साध्या लिपीतला शेवटचा लेख सन ४५२ चा आहे. त्या शेवटच्या काळातल्या लेखांत मुख्यतः एकाच पुजारी घराण्याची नावे येतात असे अभ्यासक सांगतात. लोकांची ये-जा कमी झाली, राजाश्रय गेला, आणि एवढा मोठा उपासनामार्ग एका घराच्या दोन-चार माणसांवर येऊन टेकला. पुढे सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने मंदिर बंद केले, मूर्ती कॉन्स्टँटिनोपलला नेल्या. सभामंडपात चर्च झाले. त्यांचे क्रूस आजही भिंतींवर दिसतात. पुढे त्यांचीही प्रार्थना तिथे थांबली. त्या पुजाऱ्याने कोरलेली लिपी वाचणारा पुन्हा निपजायला १८२२ साल उजाडले. फ्रान्सच्या शाँपोलियाँने ती उलगडली. मध्ये चौदाशेहून अधिक वर्षे गेली.

गाइडने मला विचारले, "तुमच्या देशात अशी जुनी देवळं आहेत ना?"

म्हटलं, "आहेत की."

"त्यांत अजून पूजा होते?"

"होते. पहाटेच्या काकड आरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत."

"सणाला?"

"नाही हो, रोज."

तो थांबला. "रोज?" असे त्याने पुन्हा विचारले. मी मान हलवली. मग तो काही न बोलता पुढे चालू लागला.

दत्तभक्तहो, त्या 'रोज' या शब्दाची किंमत मला तिथे कळली. आपल्याला तो शब्द इतका सवयीचा आहे की त्यात काही विशेष आहे असे वाटतच नाही.

वाडीचेच पाहा. दर पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगा भरतात. पाणी पायऱ्या चढत चढत देवळात येते. उत्तरेकडून शिरून श्रींच्या मनोहर पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. आपण त्याला पूर म्हणून घाबरत नाही, दक्षिणद्वार सोहळा म्हणून स्नानाला जातो. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजा तिथे चालू राहते. २०१९ आणि २०२१ चे महापूर तुम्ही-आम्ही पाहिले आहेत. देऊळ पाण्याखाली गेले, म्हणून देवाचा दिनक्रम कोणी पुढच्या महिन्यावर टाकला नाही.

आणखी जवळचे उदाहरण उजनीचे. उजनी धरणाच्या पाण्यात पळसदेवचे प्राचीन देऊळ बुडाले. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते आजही वर येते आणि लोक बघायला जातात. पण गावकऱ्यांनी काय केले? त्यांनी देव उचलला आणि नव्या गावात नेऊन पुन्हा स्थापला. दगड पाण्यात राहिले, देव माणसांबरोबर गेला. तिकडे नाईलमध्ये दगड सगळे वर आले, एकही हरवला नाही. पण बरोबर घेऊन जायला देवच उरला नव्हता. कारण त्याला हाक मारणारे आधीच संपले होते. तीच भीमा पुढे पंढरपूरला जाते, गाणगापूरला जाते, आणि संगमावर रोज कोणी ना कोणी स्नान करतोच.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि सारी नोकरी बँकेत क्लार्कची, त्यामुळे दाखले तिथलेच सुचतात, हे समजून घ्यावे.

बचत खात्यात दोन वर्षे खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय होते. शिल्लक तशीच असते. पाच हजार असोत की पाच लाख, बँक एक पैसा खात नाही. व्याजही पडत राहते. पण गंमत अशी, की ते व्याज म्हणजे खातेदाराचा व्यवहार धरत नाहीत. कारण ती नोंद बँकेची आहे, खातेदाराची नाही. दहा वर्षे असे गेले की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरीही वारस आला, कागद दाखवले, तर मिळते. अडचण एवढीच, की वारसाला खाते आहे हे ठाऊक पाहिजे.

फिलेचे मंदिर पाहताना मला हेच आठवले. शिल्लक केवढी! कोरीव खांब, देवीची रूपे, कमानी. दररोज शेकडो प्रवासी येतात, तिकीट काढतात, फोटो घेतात. पण ते सगळे व्याजासारखे. खातेदाराची नोंद होऊन दीड हजार वर्षे झाली.

आणि उलट बाजूला आमच्या वाड्यातल्या एक आजी होत्या. नऊवारी, कपाळ रिकामे, डोळ्यांना जवळजवळ दिसत नसे. त्यांच्याकडे देव म्हणजे भिंतीवर खिळ्याला टांगलेली दत्ताची एक तसबीर. रोज संध्याकाळी त्या हाताने चाचपत उदबत्ती लावायच्या आणि 'दिगंबरा'चा गजर करायच्या. शिल्लक काही नाही, पण खाते चालू. रोजची एक नोंद. माझा विश्वास आहे, की श्रीगुरूंच्या वहीत त्या खात्याला वरचे पान असेल.

आस्वानला त्या दिवशी शेवटी नौकाविहार होता. फेलुका म्हणतात तिला. एक उंच डोलकाठी, एक मोठे तिरपे पांढरे शीड, इंजिन नाही. नावाडी न्युबियन, म्हणजे त्या दक्षिण भागातला मूळ रहिवासी. त्याने एक गोष्ट सांगितली, ती गाइडने आम्हाला समजावली. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, आणि वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. म्हणून प्रवाहाविरुद्ध जायचे तर शीड उघडायचे, वारा नेतो. प्रवाहाबरोबर जायचे तर शीड उतरवायचे, नदी नेते. प्राचीन चित्रलिपीत 'दक्षिणेला जाणे' लिहायला शीड उघडलेली होडी काढत, आणि 'उत्तरेला जाणे' लिहायला शीड नसलेली.

मी म्हटले, वा! हे तर प्रवचन झाले. आपल्या दत्तगुरूंनी पंचमहाभूतांपासून कोळ्यापर्यंत चोवीस गुरू केले. त्यांत वारा आहे, पाणी आहे. अवधूत यदुराजाला ते सांगतात, ही भागवताच्या एकादश स्कंधातली कथा आपण ऐकलेली आहेच. मला त्या होडीत असे वाटले, की काळ हा प्रवाह आहे. काही केले नाही तरी तो आपल्याला नेतोच. त्यासाठी शीड लागत नाही. फिलेची पूजा संपायला काळ आणि माणसांची पांगापांग पुरी झाली, शेवटचा हुकूम तर फार उशिरा आला. पण गुरुकृपेचा वारा प्रवाहाच्या उलट वाहत असतो, आणि तोही सतत. आपल्याकडे फक्त शीड उघडण्याचे काम. त्याला बळ लागत नाही, पण ते रोज उघडावे लागते.

पुढे एलिफंटाइन नावाच्या बेटाच्या काठावर दगडी पायऱ्यांचा एक उतार दिसला. पुराचे पाणी मोजायची ती जागा. पाणी किती पायऱ्या चढले यावरून त्या वर्षी पीक किती येईल आणि सारा किती बसवायचा हे ठरत असे. आमच्या वाडीची माणसेही पावसाळ्यात एकमेकांना फोन करून हेच विचारतात, पाणी कुठवर आले? फरक एवढाच, की नव्या धरणानंतर तिथे पूर येत नाही. पायऱ्या आहेत, मोजायला काही उरले नाही.

तो नावाडी हातातला डफ वाजवून गाऊ लागला. गाइड म्हणाला, याच्या आजोबांचे गाव मोठ्या धरणात गेले. १९६३-६४ मध्ये पन्नास हजारांच्या आसपास न्युबियन लोकांना घरे सोडून उत्तरेला कोम ओंबोकडे जायला लागले. आपण ज्यांना धरणग्रस्त म्हणतो तेच. गाव गेले, घरे गेली, खजुराची झाडे गेली. पण गाणे या मुलाला आजोबांकडून आले. कारण आजोबा गात होते आणि हा शेजारी बसून होता. शिकवणी अशी काही झाली नाही.

दत्तभक्तहो, आपल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसले. "आमच्यामागे देव्हाऱ्याचं काय" हा प्रश्न आपण वस्तूंचा करून ठेवला आहे. शिसवी देव्हारा कुठे ठेवायचा, चांदीचे टाक कोणाला द्यायचे, समई कोण सांभाळणार. ही दगडांवर क्रमांक घालण्याची चिंता झाली. ती करावी, वाईट नाही. पण त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. आपण गातो तेव्हा शेजारी कोणी बसलेले आहे का?

श्रीनृसिंहसरस्वती महाराजांनी आपले काय केले ते आठवा. गाणगापुराहून निघाले, श्रीशैलाकडे कृष्णेत फुलांच्या आसनावर बसून दृष्टीआड झाले. मागे काय ठेवले? पादुका ठेवल्या आणि आपण इथेच आहोत असे वचन दिले. आणि एक रोजचा नेम ठेवला. संगमावर स्नान, माध्यान्हीला गावात भिक्षा. आजही गाणगापुरात दुपारी लोक माधुकरी मागतात आणि वाढतात, कारण महाराज त्या वेळी कुठल्याही रूपात येतील. सहा शतके हा व्यवहार बंद पडलेला नाही. आणि तो फक्त पुजाऱ्यांचा नाही. भाकरी भाजणारी बाई, रांगेत उभा राहणारा भिकारी, मुंबईहून आलेला कारकून, सगळे त्यात नोंद करतात. फिलेची गोष्ट एका घराण्यापाशी येऊन थांबली. गाणगापूरची हजारो घरांत पसरली. टेंब्येस्वामी महाराजांची करुणात्रिपदी पाहा. ती कोणाला वर्गात बसवून शिकवली जात नाही. तरी दत्ताच्या देवळाशी वाढलेल्या मुलांना ती पाठ असते.

आता आमच्या घरचे सांगतो. आमच्या देव्हाऱ्यात आजोबांनी वाडीहून आणलेल्या लहान पादुका आहेत. मुलगा जर्मनीत. सहलीहून परतल्यावर फोनवर हा विषय निघाला. तो स्पष्ट बोलणारा आहे. म्हणाला, "बाबा, सोवळं, षोडशोपचार, सप्ताह हे मला जमणार नाही. मी खोटं कबूल करणार नाही. मला रोज एक मिनिटाचं काहीतरी सांगा, ते करतो."

माझ्या जिभेवर बरेच काही आले होते. तेवढ्यात खाणीतला तो अर्धवट स्तंभ आठवला, आणि सौ.चे वाक्य. लहान केला असता तर उभा तरी राहिला असता. मी म्हटले, "बरं. कामावर निघण्याआधी देवापुढे दिवा, हात जोडून अकरा वेळा नाम, आणि हे करताना मुलीला जवळ उभं करायचं. एवढंच."

गेले काही महिने ते चालू आहे. पाच वर्षांची नात त्या दिव्याला 'बाप्पाचा लाइट' म्हणते आणि बाप विसरला तर त्याला ओढून आणते, असे सूनबाई सांगतात. पुढे काय होईल? माहीत नाही. ती मोठी होईल, तिचा देश वेगळा, भाषा वेगळी. त्याची हमी मी देऊ शकत नाही आणि कोणी मागूही नये. खातेदाराने आपली नोंद करायची असते. पुढच्या पानावरची नोंद पुढच्याची. मात्र खाते कुठे आहे हे त्याला दाखवून ठेवणे, एवढे आपल्या हातात आहे.

म्हणून हात जोडून तीन गोष्टी सुचवतो.

एक, बँकेत नॉमिनी लावता तसा देव्हाऱ्यालाही लावा. नुसते कागदावर नाव नको. त्याच्या हाताने आजच एक पळीभर पाणी पादुकांवर घालू द्या. सांडले तर सांडू द्या, ताम्हन आहेच.

दोन, आपल्या घरच्या कुळाचाराची एक वही करा. नैवेद्याला काय, कुठल्या तिथीला काय, कोणता मंत्र, पादुका कोणी कधी आणल्या, सगळे सोप्या मराठीत. ज्याला वाचता येणार नाही त्याच्यासाठी ते मोबाइलवर आपल्या आवाजात बोलून ठेवा. तो पुजारी भिंतीवर सुंदर अक्षरात लिहून गेला, पण वाचणारा तयार झाला नाही.

तीन, जमेल तेवढेच मागा. पुढच्या पिढीने एक दिवा लावला तर "एवढंच?" असे म्हणू नका. चालू खात्यात एक रुपयाची नोंदही नोंदच असते, आणि ती खाते जिवंत ठेवते.

मूर्तीची, दगडाची, देव्हाऱ्याची काळजी श्रीगुरू घेतील. ज्याच्या पादुकांवरून दरवर्षी दोन नद्यांचे पाणी जाते त्याला आपल्या फ्लॅटची जागा कमी पडत नाही. आपण आपले रोजचे शीड तेवढे उघडावे.

हे गुरुराया, आमच्या मुलाबाळांना मोठे देऊळ बांधायची बुद्धी नाही दिलीस तरी चालेल. तुझ्यापुढे रोज एक वात पेटवण्याची आठवण त्यांना दे, आणि ती वात पेटताना शेजारी एक लहान मूल उभे असू दे.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥